बांध नाही, ओळ

दिंडोरीच्या मळ्यातली विरळणी संपली,
बायका परत निघाल्या.
कुणाच्या बोचक्यात तेल, कुणाच्या पोरांचे कपडे.
हौसावहिनीच्या पोत्यात गवत.
पिकअपवाला हसला.
पिकअपवाला मीच.

शेततळ्याच्या काठाला मालकानं लावलं होतं म्हणे,
शेवटच्या दिवसाच्या हजेरीऐवजी तिनं मागून घेतलं :
वाळ्याचे दीडशे ठोंब, ओल्या गोणपाटात.
"गाय खाते का हे?"
"कोवळं असलं तर. जून झालं की तोंड फिरवते."
"मग कशाला?"
ती खिडकीबाहेर बघत राहिली पार करंजाळीपर्यंत.

आमचं रान पेठच्या पुढं, टेकडीच्या पाठीवर.
नागली वर पेरायची
आणि उगवायची खालच्या चुलत्याच्या वावरात.
दर आषाढात माती दमणगंगेला लागायची
नि निघायची गुजरातला,
आमच्या पोरांसारखीच.
पोरं निदान दिवाळीला येतात.

तिनं तीन बांबू बांधले सायकलच्या फाटक्या ट्यूबनं,
शेंड्याला दोरी, दोरीला दगड.
तो घोडा पाय टाकत टाकत उतारावर आडवा चालला,
दगड मधल्या खुणेवर थांबला की तिथं एक खुंटी.
संध्याकाळी मागं वळून बघतो तर
खुंट्यांची रेघ सापासारखी.
"वहिनी, वाकडी आली."
"तुझ्या डोळ्याला. पाण्याला विचार."

माझा थोरला भाऊ, नाव लहानू,
दोन दिवस बोलला नाही.
तिसऱ्या दिवशी म्हणाला, औत कसं वळवू याच्यातून?
वहिनी म्हणाली, हळू.

पहिल्या साली निम्मे ठोंब वाळले.
जगलेल्यांचे फुटवे मोडून तिनं फटी भरल्या,
वीतभर जागासुद्धा सोडली नाही.
दातात फट असली की शीळ तिथूनच वाजते,
पाण्याचंही तसंच, म्हणाली.

मग मी भाड्याच्या मागं लागलो,
टोमॅटो, कोथिंबीर, पुन्हा टोमॅटो,
रानाकडं लक्ष राहिलं नाही.
तिसऱ्या का चौथ्या श्रावणात
खोळ घेऊन सहज उभा होतो बांधाशी.
बांध कसला, ओळ.
वरून पाणी आलं, लाल, गढूळ, धावत.
गवतापाशी येऊन जरा टेकलं,
पाठीवरचं ओझं उतरवलं
आणि काड्याकाड्यांतून पुढं गेलं, रिकाम्या हातानं.
ओळीच्या वरच्या अंगाला माती गुडघाभर चढली होती.
कुणी टाकली नव्हती.

पंचवटीतून एक काष्ठौषधीवाला आला.
कूलरच्या ताट्या, अत्तर, सरबत,
बोटांवर मोजून दाखवलं त्यानं, मुळ्यांना किलोवर भाव.
लहानूदादानं कुदळ कुठं आहे विचारलं.
वहिनी उठली, खुरप्यानं एका ठोंबाची कड उकरली,
चिमूटभर मुळी त्या माणसाच्या हातावर ठेवली :
"एवढी ने. माठात टाक.
बाकीच्या कामावर आहेत."

रस्ता रुंद करायला जेसीबी आला तेव्हा
कडेची दोन हात ओळ गेली.
कापलेल्या दरडीत आम्ही पहिल्यांदा बघितलं
वरचं कमरेइतकं गवत
खाली किती आहे ते.
दोन पुरुष खोल. मुरमातून, मुरमाच्याही पुढं,
सुतासारख्या मुळ्या लोंबत होत्या,
कुणी उभा माग लावून अर्ध्यात उठून गेल्यासारख्या.
जेसीबीवाला खाली उतरला, बिडी न पेटवताच उभा राहिला.
वास सुटला होता.

आता पाड्यातली माणसं ठोंब न्यायला येतात.
वहिनी पैसे घेत नाही.
मी पोती पोचवायचं भाडं घेतो,
निम्मं.

यंदा शिमगा उलटला तरी खालच्या झिऱ्यात पाणी होतं.
गवतामुळं की गेल्या साली परतीचा झोडपून गेला म्हणून?
दादा म्हणतो, पाऊस.
वहिनी काही म्हणत नाही, हंडा विसळते.
पण मी बघितलंय,
झिऱ्यावर ओंजळ भरली की दादा
लगेच पीत नाही.
आधी नाकाशी नेतो.